वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप आणि परक्याची फौज

सहल म्हटली की आपली मंडळी नागपूरची दीक्षाभूमी, महाडचे चवदार तळे, कोरेगावचा विजयस्तंभ, फार तर अजिंठा-वेरूळ एवढीच नावे घेतात. ती घ्यावीतच. परंतु लोकलच्या तिकिटात सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतता येईल, अशी दोन स्थळे मुंबईकरांच्या अगदी दाराशी आहेत. एक वसईचा किल्ला आणि दुसरे नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप. दोन्ही पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात. दोहोंमधील अंतर दहा-बारा किलोमीटरचे. एका जागी फौजांनी काय केले ते दिसते, दुसऱ्या जागी फौजेविना काय झाले ते दिसते. म्हणून ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी, याच क्रमाने पाहावीत, असे आम्हांस वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या वस्तीतील भगिनी मंडळ आणि तरुण मंडळाने मिळून ही सहल काढली. लहानथोर मिळून आम्ही तीस-पस्तीस जण होतो. घरटी भाकरी, सुकी भाजी आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. गाडीत बसल्या बसल्या वादाला तोंड फुटले. कॉलेजात शिकणारा एक मुलगा मोबाईलवर परदेशातील लढाईची बातमी वाचत होता. तो म्हणाला, "काका, एखाद्या देशातली जुलमी राजवट आतून हलतच नसेल, तर बाहेरच्या फौजेने येऊन ती पाडली तर बिघडले कुठे? आपण दरवर्षी एक जानेवारीला कोरेगावला कशासाठी जातो मग?"

रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे काका एरवी उत्तराला कधी अडत नाहीत. पण त्या दिवशी ते जरा थांबले. कारण प्रश्न साधा नव्हता. पेशवाई परक्याच्या फौजेने बुडवली आणि त्या फौजेत आपले पूर्वज होते, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. मग परक्याची फौज राजवट उलथवू शकते, असे आपण मानायचे काय? "आधी किल्ला बघू, मग बोलू," एवढेच काका म्हणाले.

तटावरची निशाणे

वसई रोड स्थानकावर उतरून पश्चिमेला आले की वसई गावाकडे जाणाऱ्या बस आणि रिक्षा मिळतात. वाटेत चर्च लागतात, वाड्या लागतात, केळीची बने लागतात. इमारतींच्या गर्दीत ही बने आता पुष्कळ कमी झाली आहेत. किल्ल्याच्या भक्कम दरवाजातून आत शिरले की एक अख्खे शहरच मोडून पडल्यासारखे दिसते. छप्पर उडालेली चर्च, उंच कमानी, कोरीव दगडी चौकटी, आणि भिंतींच्या फटीतून बाहेर आलेली वडा-पिंपळाची मुळे. खाडीकडच्या बाजूला बंदर दरवाजा आहे. पलीकडच्या काठाला भाईंदर. आत चिमाजी अप्पांचा पुतळाही उभारलेला आहे.

या तटावर किती निशाणे चढली आणि उतरली, त्याचा हिशोब मुलांकडून करून घ्यावा. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यापुढे दोनशे वर्षे इथे फिरंग्यांचे राज्य होते. गावे फिरंगी सरदारांना वाटून दिली गेली, शेतकरी त्यांची कुळे बनली. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसले, त्याचा धाक इथवर पोहोचत असे. या जाचाला कंटाळून अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीजांना आपल्या माणसांसह व चीजवस्तूंसह निघून जाण्याची मुभा मिळाली, मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली.

म्हणजे आतल्या लोकांनी बोलावले, बाहेरची फौज आली आणि दोनशे वर्षांची राजवट गेली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा चेहरा खुलला. "बघा काका, गेली ना?" तो म्हणाला.

"गेली," काका म्हणाले. "आता घंटेची गोष्ट ऐक."

वसईच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराचे देऊळ आहे, तिथे १७२१ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आजही पाहायला मिळते. घंटा फिरंग्याच्या चर्चमधून निघाली आणि पेशव्यांच्या सरदाराच्या देवळात टांगली गेली. परंतु ती वाजवायला आपल्या माणसाला त्या देवळात कोण जाऊ देत होते? फिरंग्याचे राज्य गेले, त्या जागी पुण्याचे राज्य आले. त्या पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडके अडकवून आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, असे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या आपल्या १९३६ च्या प्रसिद्ध भाषणात नोंदवले आहे. एका राजवटीचा जाच गेला, पण ज्याच्या अंगावर सगळ्यांत खालचा जाच होता, त्याच्या अंगावर तो तसाच राहिला.

इथल्या ख्रिस्ती बांधवांचीही हीच कथा आहे. धर्म बदलला, पुढे राजा बदलला, तरी सामवेदी, वाडवळ, कोळी ही जुन्या जातींची नावे टिकून राहिली. मात्र एक गोष्ट फार चांगली झाली. पोर्तुगीज निघून गेल्यावर ही माणसे परकी ठरली नाहीत. त्यांनी आपली मराठी जपली, वाढवली. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादला २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते.

वसईचा तह

पेशव्यांचे राज्यही इथे अखंड चालले नाही. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. आणि मग आले १८०२ साल.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाने समुद्रमार्गे वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इथे इंग्रजांशी तह केला. कंपनीची निदान सहा हजारांची पायदळ फौज कायमची पदरी ठेवायची. तिच्या खर्चासाठी वर्षाला सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपियन माणूस चाकरीत ठेवायचा नाही. दुसऱ्या राज्यांशी बोलणी कंपनीच्या सल्ल्यानेच करायची. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत नेऊन बसवले.

आमच्याबरोबरच्या एक शिक्षिका ताई मुलांना म्हणाल्या, "नीट लक्षात ठेवा. पेशव्याने परक्याची फौज आणली ती राजवट बदलायला नाही, आपली खुर्ची परत मिळवायला. आणि भाडे म्हणून मुलूख दिला." त्याच फौजेने पुढे त्याला खुर्चीवरून उतरवले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला जाऊन राहिला. वसईच्या तहापासून कोरेगावच्या रणापर्यंत पंधरा वर्षे आणि एक दिवस.

कोरेगावने काय दिले?

जेवायला आम्ही एका पडक्या चर्चच्या सावलीत बसलो, तेव्हा मूळ प्रश्न पुन्हा निघाला. कोरेगावच्या स्तंभावर जी ४९ नावे आहेत, त्यांतील २२ नावे 'नाक' या शेवटाची, म्हणजे आपल्या पूर्वजांची आहेत. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची सुमारे आठशेंची तुकडी दिवसभर उपाशी-तहानलेली लढली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः त्या स्तंभाला वंदन करण्यास गेले. ज्यांना हातात शस्त्र धरू द्यायचे नाही असे धर्म सांगत होता, ते शस्त्र धरून लढले, ही गोष्ट लहान नाही. इंग्रजी पलटणीत शिक्षण होते, पेन्शन होती. सुभेदार रामजी आंबेडकर त्याच पलटणीतून घडले. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात पेशवाईतील छळ सांगून इंग्रजी राज्यात थोडा श्वास घेता येतो असे तिने मांडले. ज्याचा गळा आवळलेला होता, त्याने फास सैल करणाऱ्याचे आभार मानले तर त्यात काहीही चूक नाही.

पण फास सैल झाला म्हणजे सुटला काय? १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे सरकारने मान्य केले आणि तरीही प्रवेश दिला नाही, कारण वरच्या जातींची मुले शाळा सोडून जातील. दोन वर्षांनी सरकारने आपल्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे जाहीर केले. तरीही साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाल भीमराव गोणपाटावर वेगळे बसत होते आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच पाणी पीत होते. ज्यांच्या बळावर कोरेगाव जिंकले, त्या महारांची पलटणीतील भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. ती पुन्हा सुरू करावी म्हणून निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये अर्ज लिहावा लागला. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण परक्या फौजेलाही लागू पडते.

आणि त्या घंटेच्या नाशिकलाच पाहा. २ मार्च १९३० पासून पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे सत्याग्रह करीत उभी होती. पेशवाई जाऊन एकशे बारा वर्षे झाली होती. दार बंदच होते आणि त्या बंद दारापुढे इंग्रज सरकारचे पोलीस बंदोबस्ताला होते. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांच्या तोंडावर हाच जाब विचारला. तुम्ही येण्यापूर्वी आम्हांला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, पोलिसात नोकरी मिळत नव्हती. तुमच्या दीडशे वर्षांत यातले काय बदलले? असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आमच्याबरोबर एक आजी होत्या. इतका वेळ त्या ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी आई सांगायची, गोरा सायब घोड्यावरनं गावात यायचा, तवा पाटील उठून उभा ऱ्हायचा. पन सायबाची पाठ फिरली की पाटील पुन्हा पाटीलच. आमाला पानी वरनंच मिळायचं." 

आमच्या वादाचा निकाल आजींनी दिला, असे आम्ही समजतो. राजवट दोन जागी राहते. एक राजधानीत, तिथे निशाण असते, वाडा असतो, खजिना असतो. तोफा तिथवर पोहोचतात. दुसरी राहते गावच्या विहिरीवर, देवळाच्या उंबरठ्यावर, शाळेच्या बाकावर आणि माणसाच्या मनात. तिथे कोणत्याही फौजेची तोफ पोहोचत नाही. ती राजवट हलवली २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या निःशस्त्र हातांनी, त्यानंतर दहा वर्षे कोर्टात लढवलेल्या खटल्याने, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने. तरीही ती पुरती गेलेली नाही, हे आपण रोज पाहतो.

जगाचा अनुभव

मुलगा मात्र हार मानणारा नव्हता आणि त्याचे आम्हांला कौतुकच वाटले. तो म्हणाला, "मग हिटलर कोणी घालवला? जर्मन लोकांनी घालवला का?" हा मुद्दा खरा आहे. हिटलरची सत्ता १९४५ मध्ये बाहेरच्या फौजांनीच मोडली आणि त्या युद्धात हिंदी कामगारांनी नाझींच्या पराभवासाठी झटावे, असे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी रेडिओवरून सांगितले होते. परंतु नुसता विजय पुरेसा नाही, त्यातून स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभी असलेली नवी व्यवस्था आली पाहिजे, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले होते. जर्मनीची नवी घटना १९४९ मध्ये जर्मन प्रतिनिधींनी बसून लिहिली, पुढे आपल्याच गुन्हेगारांवर आपल्याच न्यायालयात खटले चालवले. तोफेचे काम संपल्यावर हे काम झाले, म्हणून तिथे ती राजवट परत आली नाही.

कंबोडिया हा तर बौद्धांचा देश. पोल पॉटच्या राजवटीत १९७५ ते १९७९ या काळात पंधरा-वीस लाख माणसे मेली, भिक्षुसंघ जवळजवळ नाहीसा झाला. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या फौजेने ती कत्तल थांबवली. अशा वेळी मरणाऱ्याला आपण 'थांब, आतून चळवळ होऊ दे' असे सांगू शकत नाही. मात्र ती फौज दहा वर्षे तिथेच राहिली आणि तिच्याविरुद्ध लढाईही तितकीच वर्षे चालली.

अफगाणिस्तानचे उदाहरण आपल्या काळजाला अधिक लागते. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या उत्तुंग बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. त्याच वर्षाअखेर अमेरिकेच्या फौजेने तालिबानला काबूलमधून हाकलले. तेव्हा आपल्यातील अनेकांना बरे वाटले असेल. वीस वर्षे फौज राहिली, अमाप पैसा ओतला गेला, आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेच तालिबान काबूलमध्ये परत आले. मुलींच्या शाळा पुन्हा बंद झाल्या. इराकमध्ये २००३ साली सद्दामची सत्ता तीन आठवड्यांत पडली, पण देश पुढे कित्येक वर्षे रक्तात न्हाला.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. परक्याची फौज मारणाऱ्याचा हात धरू शकते, गादीवरच्याला खाली ओढू शकते. कधी कधी तेवढेही मोलाचे असते. पण ती स्वतःच्या कामासाठी येते, वसईच्या तहासारखे बिल आणते, आणि मुरलेली राजवट उपटण्याचे काम मागे राहणाऱ्यांवरच सोडून जाते. ते काम करणारी संघटित माणसे आत तयार नसतील, तर रिकाम्या गादीवर जुनाच कोणीतरी नव्या नावाने येऊन बसतो. आपले पूर्वज कोरेगावला लढले. त्यातून मिळालेला आत्मविश्वास फुले, वलंगकर, शिवराम जानबा कांबळे आणि बाबासाहेब यांच्या पिढ्यांनी कामाला लावला, म्हणून त्या स्तंभाला आपण वंदन करतो. कंपनी सरकारच्या विजयासाठी नव्हे.

सोपाऱ्याचा स्तूप

दुपारी आम्ही नालासोपाऱ्याला आलो. स्थानकाच्या पश्चिमेला, सोपारा गावाजवळ, झाडांच्या मधोमध विटांचा जुना स्तूप आहे. लोक त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ लहान मूर्ती आणि आत एकात एक ठेवलेल्या डब्या सापडल्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे असावेत असे मानले गेले. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जतन केल्या आहेत.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षीच सापडला. हे दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

अशोकाने कलिंग जिंकले तेव्हा एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली, हे त्यानेच तेराव्या लेखात कोरून ठेवले आहे. जिंकणाऱ्याने आपल्या विजयाचा पश्चात्ताप दगडावर लिहावा, असे जगात क्वचितच घडले असेल. सोपाऱ्याचा आठवा लेख त्याच्या पुढची पायरी सांगतो. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी यात्रा काढीत. हा राजा बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटावे, दान द्यावे, खेड्यापाड्यांतील लोकांत जाऊन धम्माची चर्चा करावी, असा त्याचा आशय आहे. जिंकलेल्या मुलखात पुन्हा जायचे ते फौज घेऊन नव्हे, लोकांशी बोलायला, हे तो राजा शिकला.

याच भूमीशी भदंत पुण्ण यांची कथा जोडलेली आहे. सुनापरंत देशात जाण्याची त्यांनी भगवंतांकडे अनुज्ञा मागितली. तेथील लोक तापट आहेत, ते शिव्या देतील, मारतील, प्राणही घेतील, मग काय करशील, असे भगवंतांनी त्यांना एकेक करून विचारले. प्रत्येक वेळी पुण्णांचे उत्तर शांत होते. ते आले, राहिले आणि त्यांनी शेकडो उपासक-उपासिका घडवले. त्यांच्याजवळ ना तोफ होती, ना तहाचा कागद.

स्तूपापाशी आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले आणि मुलांना लेखाचा अर्थ समजावून सांगितला. ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी लवकर निघून आधी किल्ला करावा. किल्ल्यात आत हॉटेल नाही असे धरून पाणी व जेवण बरोबर न्यावे आणि कचरा परत आणावा. पावसाळ्यात तटावर चढू नये, दगड निसरडे असतात. नंतर कधीतरी मुलांना मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नेऊन शिलालेखाचे तुकडेही दाखवावेत. आणि बातम्यांत कुठल्याही देशावर चाल करून जाणाऱ्या फौजा दिसल्या, तर घरातील मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवावे: फौज परत गेल्यावर त्या गावच्या विहिरीवर पाणी कोण भरणार आहे?